आईच्या मापाचा भोपळा

हल्ली सगळं काही 'खास तुमच्यासाठी' मिळतं. कॉफीत दूध किती, बर्गरमध्ये चीज किती, बुटाची लेस कुठल्या रंगाची, मगवर फोटो कुणाचा... विचारून विचारून जीव नकोसा करतात. पण खरं सांगू? 'मेड टू ऑर्डर' या शब्दांची नशा काही औरच असते. मला ही नशा तीन वर्षं चढलेली होती आणि तीही एकाच गोष्टीची. गिटार. दुकानात हुकाला लटकलेली नाही, माझ्या हाताच्या मापाने घडवलेली, नायलॉनच्या तारांची.

कॉलेजात दोन महिने क्लास लावून ज्यांनी गिटार माळ्यावर टाकली, त्यांच्यासाठी थोडं बेसिक. कॅम्पफायरभोवती जी खणखणीत वाजते आणि बोटांना घट्टे पाडते, ती स्टीलच्या तारांची. नायलॉनवाली वेगळी. मान रुंद, आवाज गोल, आणि ती नखांनी वाजवायची. १९ व्या शतकात स्पेनमध्ये आंतोनिओ दे तोरेस नावाच्या कारागिराने तिची जी ठेवण पक्की केली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. तारा त्या काळी जनावरांच्या आतड्याच्या असायच्या. दुसऱ्या महायुद्धात त्या मिळेनाशा झाल्या आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टिनने नायलॉनच्या तारा आणल्या. सेगोव्हियासारखा बडा वादक त्याच्या पाठीशी होता, म्हणून त्या चालल्या. म्हणजे ज्या नायलॉनचे स्टॉकिंग्ज घेण्यासाठी अमेरिकेत रांगा लागायच्या, त्याच्यावर आज आम्ही तासन्‌तास बोटं फिरवतो!

तर, बंगलोरच्या एका कारागिराशी माझं मेलवर जमलं होतं. त्याने दोन पानांचा फॉर्म पाठवला. तारेची लांबी किती? (नेहमीचं माप ६५० मिलिमीटर, माझे हात लहान म्हणून ६४० चाललं असतं.) मान वर किती रुंद? नेहमी ५२, मला ५०. पुढची फळी स्प्रूसची की सीडरची? मागची शिसवीची का? या शिसवीची एक गंमत आहे. ती आपल्या सह्याद्रीतली, पण जगभरातल्या उत्तम गिटारींच्या पाठी तिच्याच असतात. २०१७ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नियम आले आणि गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्यांची झोप उडाली. २०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली, तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला. असल्या बारीकसारीक गोष्टी मला तोंडपाठ होत्या. माझ्या तळव्याचं माप, करंगळी ते अंगठा पसरल्यावरचं अंतर, डाव्या मनगटाचा फोटो... सगळं भरून तयार होतं. निम्मे पैसे ॲडव्हान्स द्यायचे होते. एकूण आकडा सव्वा लाखाच्या घरातला. तीन वर्षांचे बोनस त्यासाठी बाजूला ठेवले होते. म्हटलं, दिवाळी घरी करून येते आणि मग ट्रान्सफर मारते.

घर म्हणजे माळेगाव बुद्रुक. पुण्यात 'कुठली तू?' असं कुणी विचारलं की मी आधी 'बारामती' म्हणते, मग माळेगाव. नाहीतर लोक मला थेट नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावला पोचवून मोकळे होतात. आमचं माळेगाव 'ळ'चं. बारामतीहून नीरेला जाणाऱ्या रस्त्यावर, डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं, चहूबाजूंनी ऊस. पप्पा साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते, आता रिटायर झालेत. पण भोंगा झाला की अजून घड्याळ बघतात.

दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवशी मी दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर आई कणीक मळत होती आणि फोन खांदा वाकडा करून कानाला धरला होता. पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली, आई काही बोलेचना.

"कुणाचा फोन आहे गं?"

"कुणाचा नाही," आई म्हणाली आणि फोन बाजूला ठेवला. फोनमधून बारीक आवाज येत होता. पंचम, सा, सा, खर्ज. पंचम, सा, सा, खर्ज. तानपुऱ्याचं ॲप! माझ्या मामेभावाने टाकून दिलेलं. स्पीकरवर का नाही लावलं, तर म्हणे, "कशाला उगाच सगळ्यांना."

आईचं माहेर मिरजेचं, हे मला माहीत होतं. ती लग्नाआधी गाणं शिकायची, हेही माहीत होतं. तिच्याकडे मध्यमा पूर्णचं सर्टिफिकेट आहे, ट्रंकेत, रेशन कार्डाच्या जुन्या प्रतीखाली. ही मध्यमा पूर्ण म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा. त्यानंतर विशारद. त्या फॉर्मच्या आधी लग्न ठरलं. सासर माळेगाव, घरात अकरा माणसं, चार म्हशी, पहाटे साडेचारला दिवस चालू. मी तिला कितीदा विचारलं असेल, तुला गाणं सोडायला कुणी लावलं? आज्जीने? पप्पांनी? तिचं उत्तर दरवेळी एकच. "कुणी नको म्हटलं नाही गं. म्हण, असंही कुणी म्हटलं नाही." गणपतीच्या आरतीत ती मागच्या रांगेत असायची. हळदीकुंकवाला फारच आग्रह झाला तर एखादा अभंग, तोही दोन कडवी. आमच्या घरात तिचा आवाज म्हणजे 'जेवायला या'.

आणि आता ती तेहतीस वर्षांनी कणकेच्या परातीसमोर चोरून सा लावत होती.

मी ट्रान्सफर मारली नाही.

तुम्ही म्हणाल, ॲप फुकट आहे की! खरंय. शिवाय इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिळतो, तो ब्रीफकेसएवढा. रियाजाला पुष्कळ गाणारे तोच वापरतात, त्यात कमीपणा काही नाही. पण आईचा स्वतःचा तानपुरा कधीच नव्हता. शिकायची तेव्हा बाईंकडचाच होता, आणि त्याला हात लावायला पाळी यावी लागायची. हे तिने मला त्या रात्री करंज्या भरताना सांगितलं. अगदी सहज, भाजीचा भाव सांगतात तसं.

पप्पांना सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न, "कितीला?" मी सांगितलं की साध्या, बिननक्षीच्याला गिटारीच्या तिसऱ्या हिश्श्यात होईल. "भोपळ्याला एवढे पैसे?" पप्पांचं गणित आयुष्यभर टनावर चाललेलं. आमच्या घरात भोपळा दोनच कारणांनी येतो : घारग्यांसाठी नाहीतर गणितात.

मिरजेच्या एका कारागिराचा नंबर मिळाला. फोन लावला. मी पूर्ण तयारीत, डायरी समोर, सगळी मापं विचारून घेणार. पलीकडून शांत आवाज आला, "कुणासाठी पाहिजे? गडी माणूस की बाई?"

"आईसाठी."

"पट्टी कुठली?"

मी गप्प. माझ्या हाताची मापं मिलिमीटरमध्ये पाठ होती. आईची पट्टी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आईला हाक मारून विचारलं, तर ती दाराआडून म्हणाली, "काळी चार. होती."

"आईंना घेऊन या," चाचा म्हणाले. "माप त्यांच्याकडेच आहे."

फलटण, दहिवडी, मायणी, विटा, तासगाव, सांगली करत मिरज गाठायला गाडीने चार-पाच तास लागतात. पप्पा ड्रायव्हर म्हणून आले. ("तुम्हा दोघींना फसवतील," हे ऑफिशियल कारण.) आई मागे बसली होती. आजोबा रेल्वेत होते. ते आणि आजी गेल्यापासून तिचं मिरजेला जाणं जवळजवळ बंदच झालं होतं. सांगली मागे पडली तशी ती खिडकीतून एकेक नाव सांगायला लागली.

मिरजेची ही वाद्यांची गोष्ट भन्नाट आहे. इथले शिकलगार म्हणजे मुळात तलवारी, भाले घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. राज्यं गेली, हत्यारांचं काम संपलं. सांगतात की १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाचे शिकलगार वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला लागले आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आधार दिला. पुढे घराण्यांचं आडनावच सितारमेकर झालं. गावात गाणंही तसंच होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते इथेच. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच स्थायिक झाले आणि १९३७ साली गेले तेव्हा मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्यासारखं. म्हणजे आता कुणी दुसरीकडे बनवून 'मिरजेचा' म्हणून खपवायचा नाही.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. छताला भोपळे टांगलेले, लहान, मोठे, काही तर आमच्या देवघराएवढे. जमिनीवर लाकडाचा भुसा, लाखेचा वास. चाचांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि आईला विचारलं, "ताई, माहेर कुठलं?" "इथलंच," आई म्हणाली. "मग आमच्या गावच्या लेकीला माप काय विचारायचं!" म्हणत त्यांनी भिंतीवरचा एक तानपुरा काढला, चार तारा काळी चारला लावल्या आणि छेडत राहिले.

"सा लावा."

"मी आता गात नाही हो."

"गाऊ नका. नुसता सा लावा."

आईने पदर नीट केला. मी आणि पप्पा एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. पप्पांनी तर भोपळे मोजायला घेतले. आईने सा लावला. लागला. मग चाचांनी बोटाने वर खूण केली. पंचमापर्यंत आवाज गेला, थरथरला. वरचा सा लावायला गेली आणि तिथे तो चिरला. खोकल्यासारखं झालं. ती थांबली.

चाचा काहीच बोलले नाहीत. त्यांनी खुंट्या थोड्या उतरवल्या. पांढरी पाच. पुन्हा तेच. मग काळी तीन. बरं होतं. मग त्यांनी दुसरा, जरा मोठ्या भोपळ्याचा तानपुरा काढला आणि तो पांढरी चारला लावला. यावेळी आवाज खाली मंद्र पंचमाला गेला आणि वर तार षड्ज ओलांडून गंधाराला टेकून आला. कुठेही न अडकता. बाहेर गल्लीत एक रिक्षा थांबली होती, तिचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं.

काळी चार ते पांढरी चार म्हणजे तीन पट्ट्या खाली. बायकांचा आवाज वयाबरोबर उतरतो, त्यात विशेष काही नाही. भल्याभल्या गायिकांनी पट्टी उतरवलेली आहे. पण आईला ते त्या खोलीत, त्या क्षणी कळलं.

"रियाज केला की चढेल," ती म्हणाली. "काळी चारचाच करा."

चाचांनी तानपुरा आडवा मांडीवर घेतला. "ताई, तार एक-दीड पट्टी वर-खाली करता येते. जाड-बारीक तार घालता येते. भोपळा मागाहून बदलता येत नाही."

आई उठून बाहेर गेली. मी मागे निघाले, तर पप्पांनी हात धरून बसवलं. दहा-बारा मिनिटांनी ती आली. चपला काढता काढता म्हणाली, "आहे त्या आवाजाचा करा."

मग भोपळा निवडायचा कार्यक्रम! हा आपला भाजीचा भोपळा नव्हे हं, कडू भोपळा. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या भागात, भीमेच्या बाजूला शेतकरी तो खास वाद्यांसाठी लावतात. वेलावरच पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. चाचा एकेक भोपळा खाली काढून टिचकी मारायचे आणि आईच्या कानाशी धरायचे. पप्पांनी इथे पहिल्यांदा तोंड उघडलं. "पंढरपूरचा म्हणजे आमच्याच पाण्यावरचा की." बरोबरच होतं. आमची नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंगपूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे पंढरपूरला जाते. चाचा हसले. म्हणाले, "साहेब, तुमच्या उसानेच आमचा भोपळा खाल्ला. ऊस आला की वेल जातो." पप्पा शेतकी खात्याचे, गप्प बसतील तर शपथ. पुढचा अर्धा तास ऊस विरुद्ध भोपळा, एकरी उतारा, अवकाळी पाऊस. दोघांची चक्क दोस्ती झाली.

आईला दोन्ही प्रकारे बसवून पाहिलं. मांडी घालून, तानपुरा उभा धरून. मग स्टुलावर, कारण तिच्या गुडघ्यांना आता मांडी फार वेळ झेपत नाही. हात तारेवर कुठे पडतो, तिथे दांडीवर खडूची रेघ. नक्षी? आई म्हणाली नको. पप्पा म्हणाले, नाव तरी घाला, भांड्यावर घालतात तसं. आई म्हणाली, मुळीच नाही. चाचांनी लांब वही काढली आणि लिहिलं : 'माळेगाव. पां. ४. साधा. स्टूल.' झाला ऑर्डर फॉर्म! बंगलोरच्या दोन पानांपुढे चार शब्द.

तीन महिने सांगितले होते. मधे मी एकदा पुण्याहून एकटीच गेले. भोपळा तेव्हा कापून, भिजवून, आतून खरवडून ठेवला होता. वाळताना गोलाई बिघडू नये म्हणून आत आडव्या काड्यांचे टेकू. दांडी तुनीच्या लाकडाची, आतून पोकळ. अजून तबली, म्हणजे पुढची लाकडी पातळ झाकणी, बसायची होती. चाचांनी मला आत डोकवायला सांगितलं. पेन्सिलने तारीख लिहिली होती आणि खाली 'माळेगाव'. "आता झाकणार. पुन्हा उघडायची वेळ येऊ नये." फॅक्टरीतल्या गिटारीतही आत लेबल असतं, सीरियल नंबरवालं. मी कधी लक्ष देऊन वाचलेलं नाही.

खरा खेळ मात्र शेवटी, जवारीचा. तानपुऱ्याची घोडी, ज्यावरून तारा जातात, ती गिटारीसारखी धारदार कडेची नसते. ती सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर टेकत, सुटत कंप पावते आणि त्यातून तो भरलेला, झणझणता आवाज निघतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये साधा सुती दोरा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज कधी बंद, कधी उघडा. घोडीवर कानस कुठे आणि किती फिरवायची, याचं माप नाही. चाचा घासायचे, तार छेडायचे, डोळे मिटायचे, पुन्हा घासायचे. दीड तास. मी त्यांना तीनदा विचारलं की हे नेमकं कसं ठरवता. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुम्ही जरा चहा पिऊन या."

तानपुरा फेब्रुवारीत घरी आला. मागच्या सीटवर, दोन उश्या आणि एक गोधडी, वर सीट बेल्ट. फलटणच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. दोन-दोन ट्रॉल्या आणि पुढचं काही दिसू नये अशी उंची. एरवी ओव्हरटेक करताना हॉर्नवर हात ठेवणारे पप्पा त्यांच्यामागून पंधराच्या स्पीडने मुकाट आले. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागे वळून, "ठीक आहे ना ते?"

तुम्हाला वाटेल, आता आईने मैफल गाजवली वगैरे. तसलं काही झालं नाही. पहिले पंधरा दिवस तिने त्यावर खोळ घालून ठेवली होती. शेजारच्या काकू बघून गेल्या, "देवाचं आहे का?" विचारून हळद-कुंकू वाहायला निघाल्या होत्या. मग एकदा मी फोन केला तर पप्पाच हळू आवाजात म्हणाले, "नंतर कर. तिचं चाललंय." मागे ऐकू येत होतं. संध्याकाळी सव्वासहा, आमच्या घरी दूध काढायची वेळ. म्हशी आता दोनच आहेत आणि त्या वेळेला पप्पा जातात.

मी तिला एक क्लिप-ऑन ट्यूनर नेऊन दिला होता, दांडीला लावायचा, सुरात आलं की हिरवा दिवा. आईने दोन दिवस लावला आणि मग तो लाइट बिलांना लावून टाकला. "तो हिरवा होतो तेव्हा लागलेलं नसतं," म्हणे. मला वाटलं, नव्या वाद्याचा तोरा.

मेमध्ये माझी जुनी नायलॉनची गिटार घेऊन घरी गेले. संध्याकाळी आई तानपुरा छेडत बसली होती, मी शेजारी. म्हटलं, चला, फ्यूजन होऊन जाऊ दे! पांढरी चार म्हणजे आमचा एफ. मी हळूच स्वर लावत गेले. सा ठीक. पंचम ठीक. गंधारावर आले आणि आईने तारा न थांबवता सांगितलं, "चढलाय तुझा गंधार."

मी ट्यूनर बघितला (बिलांवरून काढून). हिरवा. अगदी मधोमध. "बरोबर आहे की!"

"ऐक," ती म्हणाली आणि एकटी खर्जाची तार छेडली. पितळेची, जाड. सुरुवातीला नुसता खालचा सा. मग तो विरत जाताना त्याच्या आतून, कुणी न वाजवलेला, एक बारीक वरचा स्वर उमलला. गंधार. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. जवारी नीट असेल तर तार तो आपण होऊन देते. त्याच्या शेजारी मी माझा वाजवला. खरंच चढा होता. थोडासाच, पण एकदा ऐकल्यावर दाताखाली खडा यावा तसा.

कारण गिटारीच्या पट्ट्या. त्या सप्तकाचे सारखे बारा भाग करून ठोकलेल्या असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता यावं. त्या सोयीसाठी जवळजवळ प्रत्येक स्वराला थोडं थोडं सरकावं लागतं. गंधाराला जरा जास्तच, साधारण एका पट्टीच्या सातव्या हिश्श्याएवढं वर. पियानोचंही तेच, पेटीचंही तेच. सतारीचे पडदे निदान सरकवता तरी येतात. हा फंडा मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये वाचलेला होता, सेंट्सच्या आकड्यांसकट. पण ऐकवून दाखवला तो आईने, स्टुलावर बसून, गुडघ्याला निरगुडीचं तेल चोळलेल्या अवस्थेत.

त्या रात्री मी बंगलोरचा फॉर्म पुन्हा उघडला. शेवटी 'आणखी काही सूचना?' असा कॉलम आहे. पूर्वी मी तिथे 'नाही' लिहिलं होतं. आता विचारलं, फ्रेट्स सरकवता येतील का? उत्तर चोवीस तासांत आलं, आनंदाने उड्या मारत. इस्तंबूलच्या तोल्गाहान चोउलू या गिटारवादकाने २००८ साली अशी नायलॉनची गिटार आखली, प्रत्येक तारेखालचा फ्रेट वेगळा सरकवता येणारी. करून बघू की, म्हणाला. पण काम दुप्पट, वेळ दुप्पट आणि पैसे... तो आकडा मी इथे लिहीत नाही.

पप्पांना मात्र मी तो वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, मनातल्या मनात भागाकार केला.

"एवढ्यात मिरजेचे सहा भोपळे येतील," ते म्हणाले.